खायचे वाल आणि फिरवायचे वाल

आमच्या उमरोळीत वाल दोन प्रकारचे. एक खायचे आणि दुसरे फिरवायचे. खायचे वाल भातकापणी झाल्यावर शेतात उरलेल्या ओलीवर पेरतात, आणि त्यांचं सगळं, अगदी पेरणीपासून बिरड्यापर्यंत, बायका बघतात. फिरवायचे वाल लोखंडाचे. मनोरच्या बाजूने बोईसरच्या कंपन्यांकडे पाणी नेणारी मोठी पाइपलाइन आमच्या शिवारातून जाते, तिच्यावर ते बसवलेत. शिकलेली माणसं त्यांना व्हॉल्व्ह म्हणतात. आमच्याकडे एका शब्दासाठी दोन-दोनदा ओठ दुमडायला कुणाला वेळ नाही. वाल म्हटलं की भागतं.

त्यातून गावातल्या पुरुषाला विचाराल तर वाल म्हणजे लोखंडीच. भात झोडून झालं की पुरुष सायकलला डबा अडकवून बोईसरला पळाले. मागे शेतात काय उगवतं ते त्यांना ताटात वाढल्यावर कळतं. मी स्वतः सुताच्या कंपनीत पाळ्या करत होतो, म्हणजे मलाही यावर हसायचा हक्क नाही. तरी हसतो.

ज्याच्यापायी पुढचा सगळा घोळ झाला तो एकनाथ माझा शेजारी. पाइपलाइन आली अठ्ठ्याहत्तरच्या सुमाराला, आणि तेव्हापासून तो तिच्यावर वालमन होता. रोजंदारीवर. दरवर्षी त्याला सांगत, पुढच्या वर्षी कायम करू, आणि दरवर्षी तो पेढे कुठून आणायचे ते ठरवून ठेवी. खांद्यावर ती टी-आकाराची लांबलचक चावी टाकून तो पहाटे निघाला की वाटेत भेटेल त्याला ऐकवायचा, "आज मी झोपलो ना, तर त्या समद्या कंपन्यांच्या घशाला कोरड पडंल." कंपन्यांना त्याचं नावही ठाऊक नव्हतं. पण माणसाला आपल्या मनगटावर दुनिया चालते असं वाटत असेल तर वाटू द्यावं, त्यात कुणाचं काय जातं?

त्याची बायको जमुना. मी तिला वहिनी म्हणतो. देवळामागचं शेत एकनाथच्या बापाचं, पण ते कसलं तर जमुनावहिनीनं. एकनाथला त्या शेताचा बांध दाखवा म्हटलं असतं तर तो चुलत्याच्या बांधावर जाऊन उभा राहिला असता. तिथले कडवे वाल मात्र त्याला बरोबर ओळखू येत. वहिनी ते भिजवून, मोड आणून, एकेक दाणा सोलून बिरडं करायची, आणि एकनाथ ताटावर असा बसायचा की हाक मारली तरी ऐकू जायचं नाही. "कडू हाय, पन आपल्या शेतातलं हाय," हे त्याचं ठरलेलं वाक्य. बायकोचं कौतुक म्हणून त्याला एवढंच येत होतं.

आणि एक गोष्ट होती, जी तो बोलत नसे. देवळामागच्या शेताच्या वरच्या अंगाला जो वाल होता, तो गळायचा. फार नाही, करंगळीएवढी धार. ती बांधाच्या कडेने शेतात उतरायची, आणि माघात बाकीच्यांची शेतं तडकली तरी वहिनीच्या वालांची पानं टवटवीत. तो वाल दुरुस्त करायला एकनाथला अर्धा तास पुरला असता. त्याने तो वर्षानुवर्षं दुरुस्त केला नाही. वहिनीने कधी विचारलं नाही, त्याने कधी सांगितलं नाही. प्रेमाच्या गोष्टी लोक उगाच कुठे कुठे शोधत बसतात.

त्र्याण्णव सालच्या थंडीत वरून सांगावा आला की पाइपलाइनला गळती फार आहे, तपासणीला पथक येणार. एकनाथचं जेवण कमी झालं. आणि त्याच आठवड्यात पांढरी जीप येऊन पारापाशी थांबली.

जीपमधून उतरले ते भगवंत निरगुडकर. हे पुण्याच्या एका संस्थेत होते, आणि पाणीखात्याशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. त्यांचं काम होतं कडधान्याचा नकाशा करणं. आकाशातून उपग्रहाने फोटो काढायचे, ते कॉम्प्युटरात घालायचे, आणि कुठल्या गावात कुठलं कडधान्य किती ते रंगवून काढायचं. या सगळ्याला भौगोलिक माहिती प्रणाली असं भारदस्त नाव होतं. फक्त एक अडचण होती. कॉम्प्युटरला वाल कसा दिसतो ते माहीत नसतं. म्हणून कुणीतरी गावात जायचं, इथे इथे वाल आहे अशा खुणा करून आणायच्या, मग यंत्र त्या जागा बघून शिकतं आणि बाकीचे वाल स्वतः शोधतं. या खुणांना म्हणे जमिनीवरचं सत्य म्हणतात. ते सत्य गोळा करायला निरगुडकर उमरोळीला आले होते, आणि जीपच्या खडखडाटाने त्यांची कंबर मोडली होती. शेतात पायी हिंडायची त्यांना अजिबात इच्छा नव्हती.

त्यांनी पारावरच्या माणसांना विचारलं, "आम्ही इथल्या वालांची पाहणी करतोय. कुणाला माहिती आहे?"

पारावर सगळे पुरुष. सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, "वालाचं ना? एकनाथला बोलवा."

एकनाथ आला तो घाम पुसतच. चोराच्या मनात चांदणं. नमस्कार करून उभा राहिला तर साहेबांनी जीपच्या बॉनेटवर नकाशा पसरला आणि म्हणाले, "आम्ही उपग्रहावरून बघतो, बरं का. वरून सगळं दिसतं."

एकनाथने एकदा वर आभाळाकडे पाहिलं. करंगळीएवढी धार, आणि तीही आकाशातून दिसते!

"किती वाल आहेत तुमच्याकडे?"

"बावीस, साहेब."

बावीस शेतं, साहेबांनी लिहून घेतलं. "स्थिती कशी काय?"

"एकदम फस्क्लास. एक पन गळत नाय."

साहेब खूश झाले. कडधान्याची फुलं गळणं हा मोठा रोग. इथे त्याचं नावही नाही. "तांबेरा वगैरे?"

"थोडा धरतो. पन मी तेल देतो ना दिवाळी झाली की."

"कडुनिंबाचं?"

एकनाथला वाटलं, तपासणीवाल्यांचा काहीतरी नवा नियम असेल. "तुमी सांगाल त्याचं देतो," तो म्हणाला.

"आणि पाणी?"

"ते माज्याच हातात. सकाळी सोडतो, दुपारी बंद करतो."

पाण्याखालचा वाल! निरगुडकरांनी चष्मा काढून पुसला. सगळ्या जिल्ह्यात वाल नुसत्या ओलीवर होतो आणि इथला एक शेतकरी दोन वेळचा हिशेब ठेवून पाणी देतोय. त्यांनी लाल पेन्सिल एकनाथच्या हातात दिली आणि नकाशावर जागा दाखवायला सांगितलं. एकनाथने नदीच्या अंगाने सुरुवात केली आणि मनोरकडून बोईसरकडे एकेक ठिपका देत गेला. पाइपलाइन तर त्याला झोपेतही ठाऊक. देवळामागच्या वालापाशी त्याचा हात जरा अडखळला. साहेबांनी विचारलं, "हा कसा?"

"ह्यो तर समद्यांत भारी," एकनाथ म्हणाला, आणि साहेबांनी त्या ठिपक्याभोवती आणखी एक गोल काढला.

चहा झाला. जीप गेली. त्या रात्री एकनाथ पोटभर जेवला आणि वहिनीला म्हणाला, "तपासनी झाली. साहेब लय चांगला मानूस." खरं पथक पुढे आलंच नाही. ज्या बाईच्या शेतात त्या क्षणी खरे वाल फुलावर होते, तिला कुणी काही विचारलं नव्हतं. ती पारावर बसत नव्हती ना!

पुढचं पुण्यात घडलं. यंत्राला ते बावीस ठिपके दाखवले. ठिपक्यांखाली काय होतं? पाइपलाइनच्या कडेचं गवत, गळक्या पाण्यावर माजलेलं. यंत्र बिचारं आज्ञाधारक. त्याने ठरवलं, याला वाल म्हणतात, आणि मग तालुकाभर तसलेच वाल शोधत सुटलं. बोईसरच्या कारखान्यांच्या गटाराकाठी त्याला उत्तम वाल सापडले. तारापूरच्या कॉलनीतल्या हिरवळीवर विक्रमी पीक आलं. आणि उमरोळीच्या शिवारात, जिथे भाताच्या धसकटांमधून बायकांचे वाल डोकं वर काढत होते, तिथलं काही ठिपक्यांशी जुळेना. तिथे यंत्राने राखाडी रंग भरला. खाली अर्थ लिहिला होता, पडीक.

नकाशा देखणा झाला, ते कबूल केलं पाहिजे. मनोरपासून बोईसरपर्यंत एक सरळ हिरवी रेघ. निसर्गात एवढी सरळ रेघ कुठे असते, हे कुणाच्या मनात आलं नाही. त्या रेघेला कडधान्याचा हरितपट्टा असं नाव पडलं, निरगुडकरांनी तिच्यावर भाषणं केली, आणि एक प्रत काचेच्या चौकटीत बसून पालघरच्या एका कार्यालयात भिंतीवर आली.

भिंतीवर लटकली असती तर कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण शहाण्णवमध्ये कंपन्यांना पाणी कमी पडायला लागलं आणि पाणीखात्याने दुसरी लाइन टाकायचं मनावर घेतलं. तिचा मोठा जोड उमरोळीत करायचा, त्याला जमीन हवी. पिकाची जमीन घ्यायची नाही, पडीकच घ्यायची, असा नियम. नियम चांगलाच होता. पालघरच्या मोठ्या साहेबांनी काचेच्या चौकटीत पाहिलं आणि देवळामागचं एक राखाडी शेत निवडलं.

नोटीस मीच वाचून दाखवली. 'पडीक' या शब्दापाशी वहिनीने मला थांबवलं. "परत वाच." मी परत वाचलं. "पडीक? माजं शेत?" ती म्हणाली, आणि आत जाऊन सुपात होते ते वाल घेऊन आली आणि माझ्या पुढ्यात ओतले. "मंग ह्ये कुठून आले? आभाळातून?"

आता यात आभाळाचा हात होताच, पण ते आम्हाला तेव्हा कळलं नव्हतं.

हरकत घेतली, आणि सुनावणीला आम्ही तिघं पालघरला गेलो. नंबर यायला वेळ होता, म्हणून व्हरांड्यात बसलो, आणि समोरच तो नकाशा. वहिनीला अक्षर येत नव्हतं, पण उमरोळीचं स्टेशन, रुळांची काळी रेघ, देवळाचं चिन्ह, एवढं तिने मला विचारून विचारून लावून घेतलं. आपलं शेत राखाडी आहे हे पाहिलं. मग तिने हिरव्या रेघेवर बोट ठेवलं आणि मनोरकडून निघाली. बोट पुढे पुढे सरकत देवळामागे आलं, तिथल्या दोन गोलांपाशी थांबलं. ती वळली.

"अवो," ती एकनाथला म्हणाली, "ह्ये तर तुमचे वाल."

एकनाथ नकाशाकडे बघत राहिला. तीन वर्षांपूर्वीची जीप त्याच्या डोळ्यांसमोर आली असणार. गळणं, तांबेरा, तेल, सगळं. त्याचा चेहरा असा उतरला की मला हसू आलं आणि लगेच त्याची लाजही वाटली.

"तुमच्या लोखंडाला शेंगा आल्या," वहिनी हळूच म्हणाली, "आनि माजं शेत पडीक."

एकनाथपुढे आता दोन वाटा होत्या. गप्प बसावं, तर शेत जातं. खरं सांगावं, तर सांगावं लागतं की ते ठिपके लोखंडाचे, आणि मग पुढचा प्रश्न येतो की त्या दोन गोलांच्या वालाखाली एवढं हिरवं कसं? आणि त्याच वर्षी कायम करायच्या यादीत त्याचं नाव खरोखर लागलं होतं. मी मनात म्हटलं, हा गप्प बसेल. मीही बसलो असतो.

पुकारा झाला. आत मोठे साहेब, आणि बाजूला नकाशाची बाजू सांगायला मुद्दाम बोलावलेले निरगुडकर. त्यांनी एकनाथला ओळखून प्रेमाने मान हलवली. एकनाथने हात जोडले आणि एका दमात बोलून टाकलं.

"साहेब, ते वाल खायाचे नाय. फिरवायचे हायेत. पान्याच्या लायनीवरचे. मला वाटलं तुमी त्येच इचारता. खरा वाल हिच्या शेतात हाय, समद्या बायांच्या शेतात हाय. आनि देवळामागचा माजा वाल गळतो. मीच गळू दिला. हिच्या पिकाला पानी व्हतं म्हनून."

वहिनी त्याच्याकडे बघत होती. इतक्या वर्षांत ती धार कुठून येते ते तिला ठाऊक होतंच, पण नवऱ्याच्या तोंडून, तेही साहेबांसमोर, ती पहिल्यांदाच ऐकत होती.

निरगुडकरांच्या कपाळावर घाम आला. पण माणूस शास्त्रज्ञ होता, लगेच सावरला. "नकाशा शास्त्रशुद्ध आहे," ते म्हणाले. "माहिती देणाऱ्याने चूक केली असेल, तर पुढच्या आवृत्तीत पाहू. सध्याचा नकाशा दिल्लीला गेलाय, तो आता मागे घेता येणार नाही." म्हणजे नकाशा बदलणार नव्हता. जमिनीनेच काय ते बघून घ्यायचं होतं.

मोठे साहेब मात्र एकनाथवर खूश दिसले. त्यांनी लेखनिकाला सांगितलं, "हे नीट लिहून घ्या. पाणीखात्याचाच माणूस स्वतः सांगतोय की जुने व्हॉल्व्ह गळतात. म्हणजे नव्या लाइनची गरज सिद्ध झाली." आणि हरकत फेटाळली. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, तो असा. एकनाथ आयुष्यात एकदा नोकरी पणाला लावून खरं बोलला, आणि त्या खऱ्यानेच शेत नेलं.

त्याला एक मेमो मिळाला. आणि दोन महिन्यांनी कायमही केलं, कारण नव्या लाइनवर जुन्या लाइनची खोड माहीत असलेला माणूस हवाच होता. पेढे आणले नाहीत. खोदाईची गाडी लावून देवळामागचं शेत उकरलं, काँक्रीटची खोली बांधली आणि तिच्यावर माणसाच्या छातीएवढं चाक असलेला नवा वाल बसवला. तो रोज सकाळी उघडायचं काम कुणाकडे आलं ते सांगायला नको.

वहिनी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, असं एकनाथ मला म्हणायचा. तिने फक्त घरात वाल शिजवणं बंद केलं. बाजारातून मसूर आणायची. एकनाथ मसूर मुकाट्याने खायचा. कधी माझ्या घरी बिरडं असलं की मी त्याला बोलवायचो. ताटापाशी बसायचा आणि अर्धं टाकून उठायचा. एवढा बडबड्या माणूस, पण आता खांद्यावर चावी टाकून वाटेत भेटेल त्याला नुसती मान हलवून पुढे जायचा. मला फार वाईट वाटायचं, आणि मी सांगतो, मला सहसा वाईट वाटत नाही.

दुसरा पावसाळा सरला आणि एक दिवस काँक्रीटच्या कडेला जी हातभर पट्टी माती उरली होती, तिथे वहिनी वाकून काहीतरी टोचताना दिसली. पौषात तिथून वेल वर आले. त्यांना आधाराला काठी नव्हती, बांध नव्हता. समोर चाक होतं, ते चाकावर चढले. आऱ्यांमधून वळसे घेत घेत पार वर गेले आणि पांढऱ्या फुलांनी भरले.

नवीन नकाशाही त्याच थंडीत आला. निरगुडकरांनी शब्द पाळला होता. या वेळी लाल पेन्सिलने चुका सुधारल्या होत्या, आणि देवळामागच्या शेतावर चक्क एक हिरवा ठिपका होता. वाल. मी पालघरला कामाला गेलो होतो तेव्हा डोळ्यांनी पाहिला. आता तो ठिपका खायच्या वालाचा की फिरवायच्या, हे मला शपथेवर सांगता येणार नाही.

महिना-दोन महिने दुरुस्तीसाठी बंद असलेली नवी लाइन ज्या सकाळी पुन्हा सुरू व्हायची होती, त्या सकाळी बोईसरला तिचं पाणी पोचलं नाही. कंपन्यांचे फोन सुरू झाले. पाणीखात्याचा तरुण इंजिनीअर स्कूटर घेऊन उमरोळीला आला, तेव्हा मी पाळीवरून घरी येत होतो आणि देवळापाशी थांबलो. एकनाथ चाकापाशी गुडघ्यावर बसला होता. चावी बाजूला पडली होती. तो जाड, तेलकट बोटांनी वेलाचा एकेक फेरा चाकावरून सोडवत होता आणि मोडू नये म्हणून बांबूच्या काठीवर अलगद चढवत होता.

"एकनाथ, पाणी का नाही सोडलं?" इंजिनीअर ओरडला.

"साहेब," एकनाथ मान वर न करता म्हणाला, "वाल फुलावर आलाय. जरा हळू उघडावा लागतो."

इंजिनीअर नवा होता. हा धंद्यातला काहीतरी शब्द असावा असं समजून त्याने मान डोलावली, ऑफिसला जाऊन तांत्रिक अडचण असा शेरा मारला, आणि स्कूटर गेली. देवळाच्या पायरीवर वहिनी सूप घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने पदर खोचला आणि ती घरी गेली.

शेंगा भरून वाळेपर्यंत शिमगा आला. मग एका संध्याकाळी एकनाथने मला कुंपणावरून हाक मारून जेवायला बोलावलं. वहिनीने ताटं मांडली. बिरड्याची वाटी लहान होती, आणि ती वहिनीने एकनाथच्या पुढ्यात ठेवली. मला मसूर. त्याने पहिला घास घेतला, बराच वेळ चावत राहिला, आणि मग डोळे पुसत म्हणाला, "कडू हाय."

वहिनी चुलीकडे तोंड करून बसली होती. पुढचं अर्धं वाक्य तो म्हणेल म्हणून ती थांबली. मीही थांबलो. त्याच्याने ते म्हणवेना.

मग वहिनीच म्हणाली, "पन आपल्याच शेतातलं हाय. जेवा."